फरक सांगा

गेल्या वर्षी मार्गशीर्षात, घोडेगावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, आमच्या घरमालकांनी आपले भांड्यांचे दुकान बंद ठेवले आणि सकाळच्या एसटीने ते पुण्याला गेले. बाजाराच्या दिवशी ते दुकान बंद असल्याचे गावात कोणालाच आठवत नव्हते. शेजारच्या किराणा दुकानदाराने आधी दार वाजवले, मग नाक्यावर चौकशी केली, आणि दुपारपर्यंत गावात दोन बातम्या पसरल्या. एकीप्रमाणे शेठ वारले होते, दुसरीप्रमाणे त्यांनी दीक्षा घेतली होती. दोन्ही चुकीच्या निघाल्या. शेठ एका इंग्रजी शब्दासाठी गेले होते.

इंग्रजी इतके कमी बोलणारा आणि इंग्रजीचा इतका विचार करणारा दुसरा माणूस आंबेगाव तालुक्यात नाही. हे मी जबाबदारीने लिहितो. एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून मी त्यांच्या माडीवर अकरा वर्षे भाड्याने राहिलो. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले. शेठ स्वतः घोडेगावात जन्मले, आणि मारवाडी फक्त सासुरवाडीला गेल्यावर बोलतात. बारावीला ते इंग्रजीत नापास झाले. पेपरात दोन-दोन शब्दांच्या जोड्या देऊन 'फरक सांगा' असा प्रश्न होता आणि तो त्यांनी सोडून दिला होता. वडिलांनी त्यांना दुकानात बसवले. पेपर तिथे संपला, पण तो प्रश्न शेठ अजून सोडवत आहेत. गादीशेजारी फरक टिपायची शंभर पानी वही असते. मी राहायला गेलो तेव्हा तिसरी चालू होती, निघालो तेव्हा सातवी.

खोली बघायला गेलो तो दिवस मला नीट आठवतो. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "तुम्हाला हाउस पाहिजे का होम?"

"खोली पाहिजे," मी म्हणालो.

"मग हाउस. होम मी देऊ शकत नाय."

पुढच्या महिन्यात मी माडीच्या दांडीवर कपडे वाळत घातले, तेव्हा ते खालून ओरडले, "पत्रकार, शर्टाला काय म्हणाल? हंग का हँग्ड?" मी खांदे उडवले. "हंग. सदरा हंग, पिशवी हंग, घड्याळ हंग. हँग्ड म्हटलं तर फाशी लागली त्याला." मी मान हलवली आणि बातमी टाइप करायला आत गेलो. ही नोंद मी इथे करतो, कारण पुढे तिचे काम आहे.

भांड्यांच्या दुकानदाराला शब्दांच्या फरकाचे वेड का लागावे, असे मी त्यांना एकदा विचारले. त्यांनी फळीकडे बोट दाखवले. घागर, कळशी, हंडा, तपेली, पातेले, तांब्या, गडू. "पाण्याला काय, ते कशातही बसतं. पण घागर मागायला आलेल्या बाईला हंडा देऊन बघा, कशी बोलते ती. इंग्रज काय येडा होता का, एका कामाला तीन भांडी ठेवायला?" कोणी नुसते "भांडं द्या" म्हणाले, तर शेठ त्याला कशासाठी, कोणासाठी, चुलीवरचे का देवापुढचे, असे विचारत बसत. गिऱ्हाईक कंटाळून समोरच्या दुकानात जाई. समोरचा दुकानदार शेठच्या ज्ञानाचा सर्वात मोठा चाहता होता, आणि तसे तो उघडपणे सांगे.

हा अभ्यास ते स्वतःपुरता ठेवत असते तर तालुक्याचे काही बिघडले नसते. पण फरक कळला की तो दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. लोणीहून एक जण मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आला. त्याला त्यांनी 'अलोन' म्हणजे नुसता एकटा आणि 'लोनली' म्हणजे एकटेपणा खायला उठलेला, असे अर्धा तास समजावले. तो सगळे ऐकून म्हणाला, "व्हय शेठ, आमी लोणीचंच." लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर माकडाने त्यांच्या पाहुण्यांच्या हातातली केळी पळवली, तेव्हा पाहुणे घाबरून खाली बसले आणि शेठ राखणदाराला सांगत राहिले, की याला 'थेफ्ट' म्हणता येणार नाही, समोरासमोर नेलं, ही 'रॉबरी' आहे. राखणदार म्हणाला, "शेठ, तुमी वर चला, नायतर त्यो दुसऱ्यांदा येईल." दाढ दुखत होती तेव्हा तर मी स्वतः त्यांच्याबरोबर दवाखान्यात होतो. ते डॉक्टरांना म्हणाले, "मला पेन नाय. एक आहे." डॉक्टरांनी बॅटरी लावून विचारले, "एकच ना? कोणती?" शेठ म्हणाले, "कोणती नाय, एक. ए-सी-एच-ई. पेन अचानक येतं, एक मुरत राहतं." डॉक्टरांनी दाढ काढली. ती पेनची होती की एकची, याबाबत दोघांचे आजतागायत एकमत झालेले नाही.

माझ्या धंद्यावरही त्यांची नजर होती. एकदा माझ्या बातमीत बिबट्या भलत्याच गावात दिसला. तो दुसऱ्याच वाडीजवळ फिरत होता, आणि छापून आले शिनोली. शिनोलीकरांनी दोन दिवस सूर्य मावळायच्या आत दारे लावली आणि तिसऱ्या दिवशी चौघे जण माझी चौकशी करत माडीखाली आले. शेठनी त्यांना चहा पाजला आणि फरक सांगितला. "एरर मशीनची असते. मिस्टेक माणसाची, न कळता झालेली. फॉल्ट म्हटलं, की त्याला माणसाचं नाव लागतं. ह्यांची मिस्टेक आहे." चौघांतला एक म्हणाला, "म्हंजी मारायचं नाय म्हना की." ते गेले. मी वरून सगळे ऐकले, आणि आभार मानायला खाली उतरलो नाही. आपल्या अचूकतेचा मला तेव्हा अभिमान होता, आणि या माणसाच्या अचूकतेचा कंटाळा.

त्यांचे हे सगळे मनापासून ऐकणारा माणूस एकच होता. शिनोलीच्या पुढे डोंगरात एक वाडी आहे, तिथला तो. भात, नाचणी, वरई पिकवायचा आणि फाल्गुन-चैत्रात हिरडा झोडायचा. दर बाजारी तो दुकानाच्या पायरीवर बसे. शेठना जेवणानंतर हिरडा लागतो, तो पुरवण्याचे काम त्याच्याकडे. शाळेत तो दोन वर्षे गेला असेल. शेठनी 'शेड' आणि 'शॅडो' यातला फरक सांगितला, ताडपत्रीची ती शेड आणि माणसाची ती शॅडो, की तो गंभीरपणे म्हणे, "लई फरक हाय." सुरुवातीला मला वाटले, चहासाठी म्हणतो. एकदा विचारले, तेव्हा त्याने पिशवीत हात घातला आणि तीन फळे माझ्या तळहातावर ठेवली. "ह्यो बाळहिरडा. ह्यो चांभारी. ह्यो सुरवारी. झाड येकच हाय, भाऊ. कवा उतारला त्यावर नाव. बाळहिरड्याच्या जागी सुरवारी दिली तर यापारी घेईल का? शेठ काय खोटं बोलत न्हाईत." शेठ त्या दिवशी इतके खूश झाले, की त्यांनी त्याला एक तांब्या देऊ केला. तो म्हणाला, "तांब्या हाय. गडू द्या."

तो गेल्या वर्षी चैत्रात हिरड्याच्या झाडावरून पडून गेला. झोडलेला हिरडा झेलायला बायको खाली लुगडे पसरून उभी होती. दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता.

त्याचा अपघाताचा विमा होता. कंपनीचे कार्यालय पुण्यात, आणि कागद तपासणारे त्याहून कुठेतरी लांब. त्यांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा जबाब इंग्रजीत मागवला. त्याची बायको ज्येष्ठात तो कागद घेऊन दुकानात आली, तेव्हा शेठ पुतणीच्या लग्नाला राजस्थानात गेले होते. दुकानातल्या माणसाने तिला वर पाठवले. ती म्हणाली, "भाऊ, शेठ म्हनायचं, तुमाला विंग्रजी येतं." तिने जिन्यावर बसून जबाब दिला. मी तो वीस मिनिटांत भाषांतर करून टाइप केला. तिचे शब्द माझ्या टिपणवहीत आहेत: "वरची फांदी मोडली. तसा त्यो खालच्या फांदीला लटाकला. थोडा येळ लटाकला, मंग सुटला." मी इंग्रजीत लिहिले, की तो थोडा वेळ फांदीला हँग्ड होता. तिने अंगठा उठवला. मी पाकीट बंद केले.

भाद्रपदात उत्तर आले. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती. तिने पाकीट शेठपुढे ठेवले आणि पायरीवर नवऱ्याच्या जागी बसली. शेठनी पत्र उघडले. दावा 'रिप्युडिएट' केला आहे, म्हणजे फेटाळला आहे, असे पहिल्याच ओळीत होते. हा शब्द त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता, आणि क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, हे मी पाहिले. त्यांनी वहीसाठी हात लांबवला. मग पुढची ओळ वाचली आणि हात मागे घेतला. त्यांनी चष्मा काढला, गिऱ्हाइकांना "जरा थांबा" म्हटले आणि मला विचारले, "पत्रकार, तुम्ही पाठवलेल्या कागदाची कॉपी आहे?"

मी आणून दिली. त्यांनी वाचली. ती घडी करून त्यांनी वहीत ठेवली.

"काय लिवलंय, शेठ?" ती म्हणाली.

"ते म्हणतात, त्यानं गळफास घेतला."

"कुनी सांगितलं त्यांला?"

"कागदानं."

"पैशाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोरीचं जमत आलंय. हे वाडीत कळलं तर लोक म्हनतील, घरात काय तरी व्हतं म्हनून फास घेतला. आन त्यो तसा मानूस न्हवता. तेवढा शबुद पुसा, शेठ."

शेठनी दोन पत्रे पाठवली. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले, की प्रकरण बंद आहे. तक्रारी ऐकायला अधिकारी ज्या दिवशी बसत, तो दिवस बाजाराचा निघाला. म्हणून मार्गशीर्षातल्या त्या सकाळी एसटीत शेठ, ती आणि मी असे तिघे होतो. शेठनी धुतलेला सदरा घातला होता आणि मांडीवर सातवी वही होती. तिच्याकडे कापडी पिशवी. मंचरला शेठनी मला विचारले, "क्लोज आणि शट यात फरक काय?" मी म्हणालो, माहीत नाही. "मलापण नक्की नाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकले.

कंपनीच्या कार्यालयातली अधिकारी तिशीतली बाई होती. तिने संगणकात पाहिले आणि नरमाईने सांगितले, "काका, ही केस क्लोज झालीये. सुसाइड म्हणून कोड पडलाय."

"क्लोज झालीये ना? शट नाय ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे उघडता येईल." एवढे बोलून त्यांनी हिरडेवाल्याच्या बायकोची पिशवी घेतली आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीला अडकवली. "मॅडम, ही पिशवी काय आहे? हंग का हँग्ड?"

"हंग."

"हिनं फास घेतलाय का?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. अधिकारी हसली नाही. तिने पडद्यावरचा जबाब पुन्हा वाचला, मग फाइल मागवली. फाइलमध्ये पोलिसांचा पंचनामा पहिल्यापासून होता. त्यात 'झाडावरून पडून' असे स्पष्ट लिहिले होते. पण तो मराठीत होता, आणि कागद तपासणाऱ्यांपैकी कोणाला मराठी येत नव्हते. तिने तो मोठ्याने वाचला. हिरडेवाल्याची बायको प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

"मग हे ट्रान्सलेशन कोणी केलं?" अधिकाऱ्याने विचारले.

मी खुर्चीतून पुढे झालो.

"मिस्टेक झालीय, मॅडम," शेठ म्हणाले. "फॉल्ट कुणाचा नाय."

"दोन्ही एकच ना, काका?"

"नाय. फॉल्टला नाव लागतं."

तिने आमच्या तिघांकडे पाहिले. मग फाइलवर 'ट्रान्सलेशन मिस्टेक' असे लिहिले आणि नवा जबाब तिथेच द्यायला सांगितले. शेठ सांगू लागले, मी लिहू लागलो. फांदीपर्यंत आलो तेव्हा मी आपणहून 'हंग' लिहिले. शेठनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांबा. हंग म्हणजे नुसता लटकला. सदरापण लटकतो." ते तिच्याकडे वळले. "बाई, तो नुसता लटकला होता, का धरून होता?"

"धरून व्हता की," ती म्हणाली. "दोनी हातांनी. मी खालून म्हनलं, सोडू नगा. त्यो म्हनला, तू बाजूला व्हय, अंगावर पडंल. मी बाजूला झाले, मंग त्याचा हात सुटला."

हे तिने मला जिन्यावर सांगितले नव्हते. मी विचारले नव्हते.

शेठनी वही उघडली, दोन पाने मागे गेले, एक ओळ बोटाने शोधली. "क्लंग लिहा," ते म्हणाले. "धरून राहिला. ज्याला जगायचंय तो क्लंग." अधिकाऱ्याने मान वळवून खिडकीकडे पाहिले आणि मग शिक्का मारला.

परतीच्या एसटीत शेठ झोपले. मी तिला म्हणालो, "ताई, तो पहिला कागद मी लिहिला होता."

"ठावं हाय. माझ्याच म्होरं लिवला न्हवं का?"

"मग तिथं बोलला का नाहीत?"

"लिवलं तुमी, पर सांगितलं मीच. मीच लटाकला म्हनलं." तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "शेठनी इचारलं तसं तुमी इचारलं असतं, तर सांगितलं असतं."

माघात कंपनीचे दुसरे पत्र आले. त्यात मृत्यू अपघाती असल्याचे लिहिले होते. तिने शेठकडून तो शब्द नेमका कुठे आहे ते विचारून घेतले, आणि वाडीतल्या चार घरांत पत्र नेऊन त्यावर बोट ठेवून दाखवले. वैशाखात मुलीचे लग्न झाले. भांडी शेठच्या दुकानातून गेली. घागर का कळशी यावर तिथे एक तास चर्चा झाली आणि समोरच्या दुकानात कोणी गेले नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर माझी बदली पुण्याच्या कार्यालयात झाली. मी किल्ली द्यायला गेलो, तेव्हा म्हणालो, "खोली रिकामी केली, शेठ." त्यांनी किल्ली घेतली नाही. "व्हेकंट आहे. एम्प्टी नाय," ते म्हणाले. "तुमचं कपाट वर आहे. ते नेलं, की एम्प्टी." कपाट मी अजून नेलेले नाही. खोली त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही.

मध्यंतरी भीमाशंकरला जाताना मी दुकानावर थांबलो. शेठचा मुलगा गल्ल्यावर होता. फळ्यांवर आता निम्मे प्लास्टिक आहे. शेठ आत गादीवर आडवे होते, कान जड झाले आहेत. या चैत्रात तिने आणून दिलेली बाळहिरड्याची पिशवी त्यांच्या उशाशी खिळ्याला टांगलेली होती. त्यांनी मला पाहिले, हसले, आणि कोणत्याही शब्दाचा फरक विचारला नाही. मीच त्यांच्या वह्या उघडल्या. तिसरीत 'हंग'खाली पूर्वीची तीनच उदाहरणे आहेत: सदरा, पिशवी, घड्याळ. सातवीत 'क्लंग'खाली आधी नुसता अर्थ होता, उदाहरण नव्हते. आता एक आहे. पेन्सिलीने, मराठीत लिहिले आहे: 'फांदीला माणूस. थोडा वेळ.'